विक्री १० टक्के घटली, मग नफा ४५ टक्के कसा घटला?

अमळनेरहून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. पती-पत्नी मिळून छोटी प्रकाशनसंस्था चालवतात. त्या लिहितात : "हार्परकॉलिन्स प्रकाशनाची मालक असलेल्या न्यूज कॉर्पचे लागोपाठचे दोन वार्षिक अहवाल वाचले. हार्परकॉलिन्सची विक्री २०२३ मध्ये १० टक्के घटली, तर नफा ४५ टक्के. पुढच्या वर्षी विक्री जेमतेम ६ टक्के वाढली आणि नफा एकदम ६१ टक्के. एवढ्या मोठ्या प्रकाशनसमूहाचा नफा असा खाली-वर कसा होतो? हिशेबात काही गोम आहे का? आणि २०२४ च्या साहित्य संमेलनासाठी जादा प्रती छापून बसलेल्या आमच्यासारख्यांनी यातून काय घ्यायचं?"

ताई, आकडे बरोबर आहेत आणि गोम नाही. एका परदेशी प्रकाशनगृहाच्या भारतीय शाखेत मी बरीच वर्षं आधी विक्री सांभाळली, मग हिशेब. आता जळगावात राहून खानदेशातल्या वाचनालयांना आणि कॉलेजांना पुस्तकं पुरवतो. या धंद्याच्या दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की प्रकाशकाचं वर्ष त्या वर्षात घडतच नाही. मागच्या वर्षी दुकानांत पाठवलेला माल आणि दहा-वीस वर्षांपूर्वी हाती घेतलेली पुस्तकं मिळून ते घडवतात. चालू वर्षातली मेहनत बहुतेक वेळा पुढच्या कुठल्यातरी ताळेबंदात दिसते. म्हणून एकाच वर्षाची टक्केवारी बघितली की गोंधळ होतो.

तुमच्या गावात विप्रोचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली घरं आहेत, त्यामुळे अहवाल उघडून बसायची अमळनेरकरांना भीती नाही. तेव्हा थेट आकड्यांवर येतो.

हार्परकॉलिन्सचं आर्थिक वर्ष जुलै ते जून असतं. जून २०२२ ला संपलेल्या वर्षात विक्री साधारण २१९ कोटी डॉलर आणि नफा ३०.६ कोटी. जून २०२३ ला विक्री १९८ कोटी, नफा १६.७ कोटी. जून २०२४ ला विक्री २०९ कोटी, नफा २६.९ कोटी. इथे नफा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीचा, अहवालात ज्याला 'सेगमेंट एबिटडा' म्हणतात तो. टक्केवारी बाजूला ठेवून आता नुसती वजाबाकी करा. पहिल्या वर्षी विक्री २१ कोटींनी घटली आणि नफा १४ कोटींनी. म्हणजे गेलेल्या प्रत्येक रुपयाच्या विक्रीमागे सुमारे ६५ पैसे थेट नफ्यातून गेले. विक्रीच्या मानाने नफ्याचा आकडा मुळात लहान असतो, म्हणून १४ कोटींची घट तिथे ४५ टक्के दिसते.

६५ पैसे का, ते तुम्हाला स्वतःच्या वहीत दिसेल. पुस्तक कमी खपलं तर कागद, छपाई, बांधणी आणि लेखकाचं मानधन तेवढ्यापुरतं वाचतं. संपादक, मुद्रितशोधक, ऑफिसचं भाडं, गोडाऊन, विक्री प्रतिनिधींचे पगार यांतलं काहीच वाचत नाही. पुस्तकाच्या धंद्यात पहिली प्रत काढेपर्यंतचा खर्चच मोठा असतो, त्यानंतरची प्रत स्वस्त पडते. त्यात २०२२ मध्ये कागद महागला होता, जहाजाचं भाडं चढलं होतं, गोडाऊनचा आणि वाहतुकीचा खर्च वाढला होता. वरून विक्री कमी आणि खालून खर्च जास्त, असा दोन्हीकडून मार बसला.

आता विक्री का घटली ते बघू. तिथे वाचकांचा दोष फारसा नव्हता. करोनाच्या काळात लोक घरी बसून वाचत होते आणि ऑनलाइन मागवत होते. तेव्हा अॅमेझॉनने गोडाऊनं वाढवली आणि ती भरूनही ठेवली. २०२२ मध्ये त्यांनी हात आखडता घेतला, साठा उतरवला आणि जागा कमी केल्या. सप्टेंबर २०२२ ला संपलेल्या तिमाहीतच हार्परकॉलिन्सची विक्री ११ टक्के आणि नफा ५४ टक्के घसरला. कंपनीने जी कारणं दिली त्यात अॅमेझॉनच्या या साठा-कपातीचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे प्रकाशक ज्याला विक्री म्हणत होता, त्यातला काही भाग वाचकाच्या हातात पोचलाच नव्हता. तो दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये होता, एवढंच.

पुस्तकाच्या धंद्याचं हे मूळ दुखणं बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत प्रकाशकांनी दुकानदारांना सवलत दिली की माल ठेवा, नाही खपला तर परत घेऊ. ती सवलत आजवर चालू आहे. आपल्या भागात कापसाच्या बियाण्याचं असंच असतं. कंपनी मे महिन्यात कृषी केंद्रांत पाकिटांच्या थप्प्या लावते, हंगाम संपला की न खपलेली पाकिटं परत जातात, आणि मेमधल्या विक्रीचा खरा आकडा तेव्हा कळतो. पुस्तकाला तर असा ठरलेला हंगामही नाही, परतीचा माल वर्षभर येत राहतो.

हिशेबाच्या नियमांनी यावर तोड काढली आहे. माल पाठवतानाच किती परत येईल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढी रक्कम विक्रीतून आधीच वजा करून ठेवायची. अंदाज बरोबर निघाला तर पुढच्या वर्षाला धक्का लागत नाही. जास्त परत आलं, तर फरक पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतो. कमी आलं, तर पुढचं वर्ष फुकटात गोजिरं दिसतं. म्हणून कुठल्याही प्रकाशनसमूहाचा अहवाल हातात आला की मी विक्रीचा आलेख मागे ठेवतो आणि परताव्याच्या तरतुदीची टीप आधी शोधतो. ती वाढलेली असेल तर व्यवस्थापनाला काहीतरी दिसलेलं असतं.

मी नोकरीत असतानाचं चित्र अजून डोळ्यासमोर आहे. मार्चचा शेवटचा आठवडा आला की वरून फोन सुरू व्हायचे, वितरकाकडे माल टाका. वितरकही नाही म्हणायचा नाही, कारण उधारी लांब होती आणि परतीची हमी होती. ३१ मार्चला आकडा गाठला जायचा, बैठकीत टाळ्या पडायच्या. जूनमध्ये तीच खोकी परत. कडा पिवळ्या पडलेल्या, मागच्या पानावर दुकानाचं किमतीचं स्टिकर, कुणीतरी पेन्सिलने कोपऱ्यात सूट लिहिलेली. ती प्रत नवी म्हणून पुन्हा विकता येत नाही. प्रत्येक खोक्यामागे एक क्रेडिट नोट, म्हणजे रक्कम वितरकाच्या नावे परत जमा केल्याची पावती, फाडायची, जाण्याचं भाडं गेलेलं, येण्याचं भाडं आपल्याच डोक्यावर. हे बघितल्यावर 'विक्रमी मार्च' असं कुणी म्हणालं की मी आधी जूनचं रजिस्टर मागतो.

आता दुसरं वर्ष. जून २०२४ ला विक्री ११ कोटींच्या आसपास वाढली आणि नफा १० कोटींनी. रुपयामागे ९० पैसे! नुसत्या जास्त खपाने हे होत नाही, कारण खपलेल्या प्रतीला कागद आणि मानधन लागतंच. हा नफा दोन-तीन ठिकाणांहून आला. छपाई, भाडं आणि गोडाऊनचा खर्च उतरला. अमेरिकेत परतीचा माल कमी झाला. आणि ऑडिओ बुक्सची विक्री वाढली. स्पॉटिफायने २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटन-ऑस्ट्रेलियात आणि मग अमेरिकेत पैसे भरणाऱ्या ग्राहकांना ऑडिओ बुक्स खुली केली, त्याचा फायदा झाल्याचं न्यूज कॉर्पने स्वतः सांगितलं. ऑडिओला कागद नाही, ट्रक नाही, आणि मुख्य म्हणजे परतीचं खोकं नाही. त्यामुळे तिथल्या विक्रीचा रुपया छापील पुस्तकाच्या रुपयापेक्षा जास्त भरीव असतो.

चौथी गोष्ट माणसांची, आणि ती मला सोडून द्यायची नाही. २०२३ च्या सुरुवातीला हार्परकॉलिन्सने उत्तर अमेरिकेतली साधारण ५ टक्के माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांचे अडीचशेच्या आसपास कर्मचारी संपावर होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला संप फेब्रुवारीत मिटला. मागणी होती सुरुवातीचा वार्षिक पगार ४५ हजार डॉलरवरून वाढवण्याची, आणि न्यूयॉर्कमध्ये तेवढ्यात भागत नाही हे उघड आहे. ६१ टक्के वाढीच्या आकड्यात ही बचतही मिसळलेली आहे. पुस्तक घडवणारी माणसं कमी केल्याचा परिणाम त्याच वर्षी नफा म्हणून दिसतो. पुस्तकांची यादी कमकुवत झाल्याचा परिणाम चार-पाच वर्षांनी दिसतो आणि तेव्हा त्याचा संबंध कुणी लावत नाही. अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी याच ओळीची वाटते.

यादीवरून जुन्या पुस्तकांकडे येतो, कारण खरा आधार तिथे आहे. हार्परकॉलिन्सच्या सर्वसाधारण वाचकांसाठीच्या विक्रीत जुन्या यादीचा, म्हणजे आधीच्या वर्षांत काढलेल्या आणि अजून खपणाऱ्या पुस्तकांचा, वाटा ६० टक्क्यांच्या आसपास असतो. या विषयावर सगळ्यात बोलका पुरावा मात्र दुसऱ्या समूहाचा आहे. पेंग्विन रँडम हाउसने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सायमन अँड शूस्टर हा दुसरा मोठा प्रकाशनसमूह २१७.५ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. अमेरिकी सरकारने कोर्टात हरकत घेतली, ऑगस्ट २०२२ मध्ये सुनावणी झाली आणि ऑक्टोबरच्या शेवटी न्यायाधीश फ्लोरेन्स पॅन यांनी व्यवहार अडवला. पेंग्विन रँडम हाउसला २० कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली, आणि पुढच्या वर्षी सायमन अँड शूस्टर केकेआर या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने १६२ कोटींना घेतली. या सुनावणीत प्रकाशकांची घरातली वही कोर्टात आली. त्यात दिसलं की पेंग्विन रँडम हाउसच्या पुस्तकांपैकी फक्त ३५ टक्के नफ्यात जातात, आणि त्या नफ्यातल्या पुस्तकांपैकी ४ टक्के पुस्तकं ६० टक्के नफा आणतात. शंभर पुस्तकं काढली तर एक-दीड पुस्तकावर निम्म्याहून जास्त नफा. सर्वसाधारण वाचकांसाठी पुस्तकं काढणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रकाशकाची ही गत! शंभरातली कोणती ती एक-दीड, हे आधी त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून बाकीची ९८ काढावी लागतात, आणि ती काढत राहण्याचं बळ जुनी यादी देते.

आगाऊ मानधनाचं कोडंही इथेच आहे. लेखकाला करारावर दिलेली मोठी रक्कम लगेच खर्च म्हणून दिसत नाही, ती मालमत्तेच्या बाजूला बसते, जणू येणं आहे. पुस्तक पडलं आणि वसुलीची आशा संपली की ती खर्ची पडते. एखाद्या वर्षी अशी चार-सहा मोठी पुस्तकं पडली तर त्या वर्षाचा नफा खाल्ला जातो, पैसे मात्र दोन वर्षांपूर्वीच खिशातून गेलेले असतात.

एका लेखकावर सगळं टेकलं तर काय होतं, याला ब्लूम्सबरीचं उदाहरण घ्या. लंडनची कंपनी, १९८६ ची, भारतात २०१२ पासून. तिचं वर्ष फेब्रुवारीअखेर संपतं. २०२३ ला विक्री २६.४ कोटी पौंड, २०२४ ला ३४.३ कोटी, म्हणजे ३० टक्के उडी. नफा (इथे करापूर्वीचा, विशेष बाबी वगळून) ३.११ कोटींवरून ४.८७ कोटींवर. या उडीच्या मागे मुख्यतः सारा मास या एकाच अमेरिकन कल्पनारम्य लेखिकेची पुस्तकं होती. त्यांच्या पुस्तकांची विक्री त्या वर्षी १६१ टक्क्यांनी वाढली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांचं नवं पुस्तक आलं, ते नेमकं वर्ष संपायच्या आत. पुढच्या वर्षी त्यांचं नवं पुस्तक नव्हतं. २०२५ ला विक्री वाढून ३६.१ कोटी झाली खरी, पण मे २०२४ मध्ये रोमन अँड लिटलफील्डचा शैक्षणिक व्यवसाय ६.५ कोटी पौंडांना विकत घेतला होता, त्याची भर त्यात आहे. नफा उतरून ४.२१ कोटींवर आला. विक्री विक्रमी आणि नफा जवळपास १४ टक्के कमी. तरी ब्लूम्सबरीला मी दोष देणार नाही. चांगल्या वर्षाचा पैसा त्यांनी विद्यापीठांना लागणाऱ्या पुस्तकांत घातला. ही पुस्तकं एकदम उसळत नाहीत, हळूहळू पण वर्षानुवर्षं खपतात. सुबत्तेच्या वर्षी घेतलेला हा निर्णय मला पटतो.

चलनाचं थोडक्यात सांगतो. पेंग्विन रँडम हाउसची मालकी जर्मनीतल्या बर्टेल्समानकडे आहे, म्हणून हिशेब युरोत आणि मोठी विक्री अमेरिकेत, डॉलरमध्ये. २०२२ मध्ये त्यांची विक्री ४०३ कोटी युरोवरून ४२२ कोटींवर गेली, जवळपास ५ टक्के वाढ. पण त्या वर्षी युरोच्या तुलनेत डॉलर सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास महागला होता. ते वजा केलं तर वाढ उरत नाही. नफा बघितला की खरं कळतं, तो ७५.५ कोटींवरून ६६.६ कोटींवर आला होता. चलनाचा परिणाम वगळून दिलेली वाढ अहवालात वेगळी छापलेली असते, तीच वाचा.

आता तुमच्या घरचं.

पहिलं, संमेलनासाठी छापलेल्या जादा प्रतींचं. त्या प्रती तोट्यात टाकायची घाई करू नका, पण त्यांची किंमत ताळेबंदात पूर्ण धरूनही बसू नका. प्रत्येक शीर्षकासमोर मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती प्रती गेल्या ते लिहा. शिल्लक प्रती त्या वेगाने किती वर्षांत संपतील ते काढा. तीन वर्षांत संपणाऱ्या असतील तर साठा आहे, दहा वर्षं लागणार असतील तर ती रद्दी व्हायच्या वाटेवर आहे, तिची किंमत आत्ताच कमी करून ठेवा. मोठे समूहही साठ्याची हीच झडती घेतात, फक्त त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात.

दुसरं, जळगाव, धुळे, शहाद्याच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत जांगड (खपला तर पैसे, नाहीतर परत) ठेवलेला माल विक्रीत धरू नका. तुम्ही चलान फाडून पाठवला म्हणजे तो विकला गेला असं नाही. वहीत दोन रकाने ठेवा, एक पाठवलेल्याचा आणि एक पैसे आलेल्याचा. नफ्याचा हिशेब दुसऱ्या रकान्यावरच करा. वाचनालयांचं उलट आहे. तिथला माल सहसा परत येत नाही, पण खरेदी अनुदानावर चालते आणि मार्चअखेरीस एकदम होते. म्हणून फेब्रुवारी-मार्चचा आकडा बघून पुढच्या वर्षाच्या आवृत्त्या ठरवू नका. एका तिमाहीचा आकडा समजून त्याला चारने गुणलं तर फसाल.

तिसरं कराचं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे वाचकाच्या दृष्टीने उत्तमच आहे. पण विक्रीवर कर नसल्यामुळे मुखपृष्ठाच्या कामावर, गोडाऊनच्या भाड्यावर, इतर खरेदीवर भरलेला कर तुम्हाला परत मागता येत नाही. तो सरळ खर्चात जातो. ब्रिटनमध्येही पुस्तकावर शून्य कर आहे, पण तिथल्या प्रकाशकाला खरेदीवर भरलेला कर परत मिळतो. तेव्हा त्यांच्या अहवालातलं खर्चाचं प्रमाण आपल्या वहीला जसंच्या तसं लावू नका. किंमत ठरवताना हा कर प्रत्येक प्रतीत धरलेला आहे का, एवढं तपासा. बरेच जण धरत नाहीत.

आणि जुनी यादी. तुमच्याकडे दरवर्षी न बोलता दोन-तीनशे प्रती जाणारी चार पुस्तकं असतील. एखादा स्थानिक इतिहास, एखादी बोलीतली कथा-कविता, कॉलेजात लागलेलं एखादं पुस्तक. ती कधीच संपू देऊ नका. हजाराची आवृत्ती परवडत नसेल तर डिजिटल छपाईवर शंभर-शंभर काढा. प्रतीमागे खर्च थोडा जास्त पडेल, पण पैसा गोडाऊनमध्ये अडकणार नाही आणि दुकानदाराला "संपलंय" असं सांगावं लागणार नाही. नवं पुस्तक काढायचा उत्साह मला कळतो. तरी नव्या शीर्षकाला हात घालण्याआधी या चार पुस्तकांची पुढच्या वर्षभराची सोय लागली आहे का, ते पाहूनच छापखान्याला फोन करा.

हार्परकॉलिन्सचं पुढचं वर्षही पाहून ठेवा. जून २०२५ ला विक्री २१५ कोटी डॉलर आणि नफा २९.६ कोटी. म्हणजे तीन वर्षांनंतरही विक्री आणि नफा दोन्ही २०२२ च्या आकड्याच्या जरा खालीच आहेत. उणे ४५ आणि अधिक ६१ पाहून वाटलं होतं त्यापेक्षा ही कंपनी बरीच स्थिर आहे. तुमच्या संस्थेचे मागच्या चार वर्षांचे आकडे असेच एका कागदावर उतरवा. विक्री, परत आलेला माल, वसूल झालेले पैसे, शिल्लक प्रती, वर्षागणिक एकेक ओळ. तो कागद पाठवलात तर पुढचं बोलणं तुमच्याच आकड्यांवर करू.